चौथं मत

तीन मशिनं होती. तिन्हींवर मी एकेक बटण दाबलं, तीन लाल दिवे लागले, आणि मग जो लांब आवाज यायला हवा होता तो आलाच नाही. पुठ्ठ्याच्या त्या आडोशात मी बोट तसंच वर धरून उभी राहिले. माझ्या हिशेबानं काम संपलं होतं. दीड तास रांगेत उभी होते, ओळखपत्र दाखवलं, सही केली, बोटाला काळी रेघ ओढून घेतली, बटणं दाबली; आता मला घरी जाऊ द्यावं एवढंच मागणं होतं. पण बाहेरून आवाज आला, ‘‘बाई, अजून एक राहिलंय. चार द्यायचीत. चार.’’ हे मोहोळकडचे कुणी मास्तर होते, केंद्राध्यक्ष म्हणून बसवलेले, आणि सकाळपासून हेच वाक्य म्हणून त्यांचा घसा बसलेला. मी म्हटलं, ‘‘मशिनं तीनच आहेत.’’ त्यावर भिंतीकडेला बसलेले पक्षांचे प्रतिनिधी हसले. त्यांत आमचे मालकही होते, आणि ते हसले की नाही हे मला आडोशातून दिसत नव्हतं. ‘‘मधल्या मशीनवर बघा, वर गुलाबी कागद हाय, खाली पिवळा. दोन दोन हायत एकावर,’’ मास्तर म्हणाले. ‘‘सकाळपास्नं प्रत्येक माणूस हितंच अडकतंय. पहिलाच गडी पाच मिनिटं आत हुबा होता! त्यालाच घावंना, तर तुमाला काय बोलू?’’

पहिला गडी म्हणजे आमचे मालक. दर निवडणुकीला साडेसातच्या ठोक्याला पहिलं मत त्यांचं. ती त्यांची हौस, नाही तर व्रत म्हणा. म्हणजे ज्या माणसानं पंधरा दिवस माझ्या डोक्याशी कटकट करून मला शिकवलं, त्यालाच चौथं बटण सापडलं नव्हतं. दुसरी वेळ असती तर मी पोट धरून हसले असते. पण पोट धरण्याची माझी सोय नव्हती. मला लघवीला लागली होती, आणि साधीसुधी नाही. सुट्टीचा दिवस म्हणून सकाळी उठल्या उठल्या मी दोन तांबे पाणी प्यायले होते. डॉक्टरांचं ऐकण्याचा माझा आठवड्यातला तेवढाच दिवस. त्यात रांग ही अशी. शाळेतल्या मुलींच्या संडासाला कुलूप, चावी शिपायाकडे, आणि शिपाई पलीकडच्या इमारतीत टेबलं लावायला गेलेला. माझ्यापुढच्या दोघी ‘येतो हं’ म्हणून घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. मी मात्र हलले नाही. मला मत द्यायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला खरोखर मत द्यायचं होतं, ते नेमकं पिवळ्या कागदावर होतं, आणि या घाईत नेमका तोच कागद माझ्या नजरेतून निसटला होता.

पंधरा दिवस आमच्या घरात ती पुठ्ठ्याची मशीन होती. महापालिकेला एका प्रभागातून चार माणसं निवडायची, म्हणून मतं चार आणि कागद चार रंगांचे, हे लोकांच्या गळी उतरवण्याचा मक्ता ईरप्पाअण्णांनी आमच्या मालकांना दिला होता. ईरप्पाअण्णा आमच्या भागातले पुढारी. मालक तीस वर्षं त्यांच्यामागे आहेत. पुढे कधी नव्हते. तर मालकांनी साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, त्यावर चार रंगांचे कागद चिकटवले, माझ्या दुकानातली जुनी बटणं फेविकॉलनं लावली आणि संध्याकाळी जेवणाआधी ती मशीन माझ्यापुढे धरायला सुरुवात केली. ‘‘दाब.’’ मी पिठाच्या हातानं दाबायची. ‘‘पांढरा दुसरं, गुलाबी पहिलं, पिवळा तिसरं, निळा चौथं. परत दाब.’’ मी म्हणायची, अहो, भाकरी करपतेय. ‘‘करपू दे. लोक एकच दाबून नमस्कार करून भाईर येतात. अण्णांची सून पिवळ्यात हाय, तिथं एकबी मत वाया जायाला नको.’’ पंधरा दिवस, रोज तीनदा. मी तीस वर्षं पिको-फॉलचं काम करते. हाताला एकदा वळण लागलं की डोकं लागत नाही हे मला कुणी शिकवायला नको. साडीचा काठ सुईखाली सरकत असतो आणि मी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत असते. बोट आपोआप वळतं. तेव्हाच हे ध्यानात यायला हवं होतं.

ध्यानात आलं नाही, कारण मी मनातल्या मनात वेगळीच मशीन दाबत होते. माझी मशीन अशी होती: पांढरा दुसरं, गुलाबी पहिलं, निळा चौथं, हे सगळं मालकांचं. संसारात तेवढं द्यावं लागतं. पण पिवळ्यावर सहावं. सहाव्या नंबरला धनलक्ष्मी होती, चिन्ह कपबशी. धनलक्ष्मी आमच्याच बोळात ब्लाउज शिवते. नवी पेठेतून आत वळलं की आमचा बोळ; त्यात बायका चालवतात अशी अकरा दुकानं, कुणाची जिन्याखाली, कुणाची नुसती ओट्यावर. माझं जिन्याखाली आहे. उभं राहिलं की डोकं आपटतं, म्हणून मी तीस वर्षं बसूनच आहे. अकरा दुकानं आणि बायकांना जायला एक जागा नाही. पुरुषांचं काय, त्यांना भिंत असली की पुरते. आम्ही सकाळी दोन घोट पाणी पिऊन निघायचं आणि संध्याकाळी सातपर्यंत तोंड कोरडं ठेवायचं. अगदीच नाही राहवलं तर वरच्या मजल्यावरच्या दागिन्यांच्या दुकानात ओळखीनं जायचं, आणि ओळख टिकावी म्हणून त्यांच्या शेठाणीच्या साड्या फुकट पिको करायच्या. यातूनच मला मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, रोज तीन लिटर पाणी प्या. मी त्यांच्या तोंडावर हसले. त्यांना वाटलं बाई अडाणी आहे.

धनलक्ष्मीनं अर्ज केले. एक नाही, सात. सातव्या अर्जाच्या वेळी आम्ही पाचजणी ईरप्पाअण्णांच्या घरी गेलो. अण्णा सोफ्यावर, मालक बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर. अण्णांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि म्हणाले, ‘‘बाईमाणसाला बाजारात लागतंय कशाला? घरी जाऊन यावं की.’’ आणि हसले. अण्णा हसले की हसायची पद्धत असते. आमचे मालक हसले. ज्या माणसानं सहा महिन्यांपूर्वी मला भर दुपारी स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं होतं, मी कमरेत मोडून कळवळत होते आणि हे प्रत्येक गतिरोधकाला मान वळवून ‘आलं गं, आलं, जरा धर’ म्हणत होते, तो माणूस हसला. मी घरी आल्यावर चार दिवस फक्त ताट वाढलं. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, ‘‘काय झालं?’’ काय झालं! मला वाटलं भिंतीवर डोकं आपटावं, पण जिन्याखाली ते रोजच आपटत होतं.

मग धनलक्ष्मी अपक्ष उभी राहिली. तिला चिन्ह शिलाई मशीन हवं होतं, ते चिठ्ठीत दुसऱ्यालाच गेलं आणि हिला कपबशी मिळाली. सगळ्या बोळानं तिची चेष्टा केली, की जी बाई दिवसभर चहाला हात लावत नाही तिला कपबशी. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, ‘‘अक्का, मी काय निवडून येत न्हाय, मला कळतंय. पन तुमच्या शाळेच्या बूथवर माझं कुणीच न्हाय. तितं सगळी अण्णांची मानसं. तितं मला भोपळा नको अक्का. एक तरी पायजे. भोपळा पडला की हे म्हणणार, बघा, बाईला बाईनंच दिलं न्हाय.’’ मी तिचा हात हातात घेतला आणि सांगितलं, माझं आहे. शब्द देताना मला कुणी चिमटा काढला नव्हता. मी माझ्या मनानं दिला. आणि संध्याकाळी मालक पुठ्ठा घेऊन पुढे बसले तेव्हा सहज म्हणून त्यांना विचारलं, कोणी कुणाला दिलं ते कळत नाही ना? ते म्हणाले, ‘‘नाव कळत न्हाय. पण मशीन बूथवार उघडतंय. कुठल्या बूथवर किती, ते कळतंय. आपल्या बूथवर एक मत फुटलं तरी अण्णांना कळणार.’’ एक मत. म्हणजे माझंच. सातशे माणसांत धनलक्ष्मीच्या ओळखीची मी एकटी, हे अख्ख्या पेठेला ठाऊक. गुप्त मतदान म्हणे! आमच्या घरात लोणच्याची फोड गुप्त राहत नाही.

माझ्या आईचं नाव कमलम्मा. अक्कलकोटकडची, घरात कानडी, बाजारात मराठी. तिच्या वेळी कागदाची मतपत्रिका आणि शिक्का होता. मतदान करून ती आली की वडील ओसरीवरूनच विचारायचे, ‘‘यारिगे हाकिदी?’’ कुणाला दिलंस? आणि ती पायावर पाणी घेत म्हणायची, ‘‘नीवु हेळिदवरिगे.’’ तुम्ही सांगितलं त्यांना. मला त्या उत्तराचा इतका राग यायचा. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकत होते, मला मतदानाचा हक्क पाठ होता, आणि आमची आई ही अशी. वडील गेल्यावर एकदा वाती वळता वळता तिनं मला सांगितलं की ती दर वेळी कागद कोरा घालायची. आत जायचं, शिक्का हातात घ्यायचा, दहा अंक मोजायचे, शिक्का ठेवायचा, कोरा कागद घडी करून पेटीत. ‘‘त्यांनी सांगितलेल्याला कशाला द्यायचं? आणि दुसऱ्याला देऊन घरात भांडण कशाला?’’ मी थक्क झाले होते. तीस वर्षं बाई कोरी राहिली आणि कुणाला पत्ता नाही. आणि हे मशीन! हे कोरं घेत नाही. याला चार म्हणजे चार लागतात, तोवर ते तोंड उघडत नाही. कुणीच नको असेल तर त्यालाही शेवटचं एक बटण आहे, तेसुद्धा दाबावंच लागतं. न दाबता नुसतं गप्प राहण्याची सोय आईबरोबर गेली.

‘‘बाई, झोपला काय आत?’’ मास्तर ओरडले. मी मधल्या मशीनवर वाकले. वर गुलाबी, खाली पिवळा. सकाळपासून माणसं अडकत होती त्यात नवल नव्हतं, दोन्ही रंग इतके फिके की ट्यूबलाइटखाली एकसारखे दिसावेत. माझ्या डोळ्यांना चष्मा होता. मला पिवळा कागद दिसत होता. मला सहावी ओळ दिसत होती, कपबशीसुद्धा दिसत होती, बशीत कप थोडा वाकडा ठेवलेला. हे मी मुद्दाम सांगते. मला दिसलं नाही असं मी पुढे कधीही म्हणणार नाही. पण खाली ओटीपोटात सगळं फुगून आलं होतं, एक पाय दुसऱ्यावर दाबून मी उभी होते, आणि मागे रांगेतली कुणी म्हातारी म्हणत होती, ‘‘बाई सैपाक करायला लागली की काय आत?’’ परत ते हसणं. आणि त्या हसण्यात मला अण्णांच्या घरातलं हसणं ऐकू आलं, आणि इतका संताप आला, या सगळ्यांचा, त्या मास्तरांचा, हसणाऱ्यांचा, मालकांचा, पुठ्ठ्याचा, दोन तांबे पाणी पिणाऱ्या माझा, की एकदाचं ते वाजू दे, एकदाचं सुटू दे असं झालं. बोट गेलं. पिवळा तिसरं. पिठाच्या हातानं पंधरा दिवस जिथं जात होतं तिथंच गेलं. लाल दिवा लागला आणि तो लांब आवाज आला. किती लांब, जणू कुणी माझं नाव घेऊन बोंब मारत होतं.

मी बाहेर आले. मालक यादीवर लाल पेनानं खूण करत होते, चष्मा नाकावर, मान खाली. त्यांनी वर पाहिलं नाही. मी धावले. छप्पन्न वर्षांची बाई, पदर खोचून, शाळेच्या मागच्या फाटकातून एका ओळखीच्या बाईच्या घरी. तिनं नुसतं दाराकडे बोट केलं. आम्ही बायका हे ओळखतो. आत जाऊन कडी लावली, आणि पोट रिकामं झाल्यावर, जेव्हा डोकं परत जागेवर आलं तेव्हा, मला कळलं मी काय केलं ते. ज्याच्यासाठी ते मत होतं, त्याच्याचपायी गेलं. कडी लावलेल्या त्या तीन बाय तीनच्या खोलीत मी थोडा वेळ रडले, मग बादलीतलं पाणी तोंडावर मारलं. घरी जाताना वाटेत गड्ड्याच्या जत्रेला निघालेली माणसं होती. आदल्याच दिवशी देवाच्या लग्नाच्या अक्षता झाल्या होत्या, कित्येकांच्या अंगावर अजून पांढरी बाराबंदी होती. सगळे खुशीत. माझ्या बोटावरची काळी रेघ मी पदरानं पुसत होते. ती निघत नव्हती.

रात्रभर मी स्वतःला समजावलं, की ते मुद्दाम नव्हतं, घाईत झालं, बोट सरकलं. पण सहावीवर जाणारं बोट तिसरीवर कसं सरकतं? तीन घरं वर! शिवाय मुळात भीती होतीच की. एक मत फुटलं तरी कळणार, ही भीती त्या बोटात बसली होती आणि लघवीचं निमित्त झालं. नाचता येईना अंगण वाकडं. मी आईवर चिडायची, मालकांवर चिडायची, तीस वर्षं हा माणूस होयबा आहे म्हणून कपाळाला हात लावायची. आणि मला एक संधी मिळाली, चार बोटं रुंदीच्या कागदावर, तर मीही होय म्हणून आले.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. अण्णांचे चारही आले. मालक दुपारी घरी आले ते सदऱ्यावर गुलाल घेऊन, पण चेहरा उतरलेला. बूट काढता काढता म्हणाले, ‘‘आपल्या बूथवर एक फुटलं.’’ मी विचारलं, ‘‘कुणाला?’’ ‘‘धनलक्ष्मीला. एक.’’ माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं. मी दिलं नव्हतं. मग कुणी? सातशेत असेल कुणी देवमाणूस. ‘‘अण्णा सगळ्यांसमोर म्हणाले, काय बे गुरुशांत, घरचंच भांडं फुटकं काय? तुझ्या बायकोचं ना ते मत?’’ मी म्हटलं, ‘‘मग तुम्ही काय म्हणालात?’’ ते गुलाल झटकत होते. ‘‘व्हय म्हणालो. दुसरं काय म्हणणार? अण्णा हसले. म्हणाले, बायकांचं काय मनावर घ्यायचं. पण पुढच्या वेळी बूथवर बसू नको म्हणाले.’’ मी भडकले. न दिलेल्या मताचा आळ माझ्यावर, तोही आमच्याच माणसानं कबूल केलेला! पण ‘मी दिलंच नाही’ हे वाक्य माझ्या तोंडातून निघेना. ते म्हटलं असतं तर मालकांची इभ्रत वाचली असती आणि माझी गेली असती. मी भांडं आपटलं आणि आत गेले. ते गुलालच झटकत राहिले. चिडलेही नाहीत. तीस वर्षांची खुर्ची गेली आणि माणूस चिडला नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी धनलक्ष्मी आली. डब्यात तिळाच्या वड्या. ती हरली होती, पण चेहऱ्यावर असं काही होतं की मला तिच्याकडे बघवेना. ती वाकून माझ्या पाया पडली. ‘‘अक्का, बाकीच्या बूथवर मिळून दोनशे अकरा पडली. पन तुमच्या बूथवरचं ते एक! तुमी शब्द पाळला. घरात अण्णांचं मानूस असून पाळला. माझी आई असती तर तिनंबी दिलं नसतं.’’ मी तोंड उघडलं. खरंच सांगते, मी सांगणार होते. तर आमचे मालक आरशापुढे दाढी करत होते ते तिथूनच म्हणाले, ‘‘तिचंच की. दुसरं कोण देणार तितं तुला?’’ आणि वस्तरा परत गालावर. धनलक्ष्मीचे डोळे भरून आले. ‘‘दाजी, तुमी रागावला न्हाय?’’ ‘‘रागावून काय करू? तिला काय कळंना हाय व्हय?’’ ती हसली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, ‘‘थांबा अक्का, आठवा अर्ज आनलाय, खाली गाडीच्या डिकीत राहिला. पहिली सही तुमची पायजे.’’ आणि जिना उतरून गेली.

खोलीत आम्ही दोघंच. मी आरशातल्या मालकांच्या तोंडाकडे बघत होते. अर्ध्या गालावर फेस, चष्मा कपाळावर ढकललेला. पाच मिनिटं आत उभा असलेला पहिला गडी. ज्याला चौथं बटण घावंना. ज्यानं स्वतःच्या हातानं पुठ्ठ्यावर पिवळा कागद चिकटवला होता, त्याला पिवळा घावला नाही म्हणे! पायाखालची जमीन सरकते म्हणतात ती अशी नव्हे. माझ्या तर तीस वर्षांच्या चिडण्याखालचा पाटच कुणी काढून घेतला. मी म्हटलं, ‘‘अहो. तुम्ही दिलंत?’’ त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला, हलवला, परत बुडवला. ‘‘चष्मा नव्हता,’’ ते म्हणाले. ‘‘चुकून दाबलं असंल.’’

चष्मा त्यांच्या नाकावर होता. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि मत एकच होतं. ते आपलंच, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे माझं कुठं गेलं हेही त्यांना मोजणीच्या टेबलावरच कळलं होतं. पंधरा दिवस त्यांनीच शिकवलेल्या जागी. अण्णांसमोर माझ्या नावाआड लपले, धनलक्ष्मीसमोर माझं नाव वर काढलं, थाप एकच आणि दोन्हीकडे चालली. यावर माणसानं चिडायचं कसं? मला त्यांना बदडावंसं वाटलं आणि त्यांच्या गालावरचा फेस पुसावासा वाटला. मी दोन्ही केलं नाही. जिन्यात धनलक्ष्मीच्या चपला वाजल्या. मालक आरशातून माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात विचारणा नव्हती, दटावणं नव्हतं, उलट तेच थोडे घाबरलेले दिसत होते, स्कूटरवर मान वळवून बघत होते तेव्हासारखे. मी एवढंच म्हटलं, ‘‘हसला होतात त्या दिवशी.’’ ते म्हणाले, ‘‘व्हय.’’

धनलक्ष्मीनं अर्ज चौरंगावर पसरला. खाली आकडे घालून रेघा ओढलेल्या होत्या. तिनं पेन माझ्या हातात दिलं. मी ते मालकांपुढे धरलं. ‘‘पहिली सही यांची घे,’’ मी म्हणाले. धनलक्ष्मी गोंधळली. ‘‘दाजींची? अण्णांना कळलं तर?’’ मालक फेस पुसत मागे सरले. ‘‘माझी कशाला? मला काय दिसतंय हितं, चष्मा कुटं ठेवला मी...’’

‘‘कपाळावर आहे,’’ मी म्हणाले.

त्यांनी हात वर नेला, चष्मा खाली नाकावर ओढला. मग खाली बसले आणि एक नंबरच्या रेघेवर स्वतःचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, सावकाश लिहिलं. त्याखाली दोन नंबरला मी माझं लिहिलं.